गल्लीच्या टोकावरून बारा तारे

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला बघा. लग्नानंतर तुम्ही इथे आखातात आणि मी देवगडला, त्या दोन वर्षांत पत्रं लिहायचे तेव्हा वर नुसतं 'सा. न. वि. वि.' असायचं. पाकीट चिकटवायच्या आधी सासूबाई वाचायच्या ना! आता कोण वाचणार आहे? तुम्हीसुद्धा नाही.

लिहायला बसले ती रागानं. या आठवड्यात आपल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात चुकलेला झेंडा पडला. मी शिवलेला. आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात! थांबा, सांगते. आजच सांगायला हवं, कारण उद्या सकाळी दहाला मुग्धा गाडी घेऊन येणार आहे आणि मला तिला एक उत्तर द्यायचं आहे.

दुकानाच्या लायसनची मुदत या महिनाअखेर संपते. एकतर ते माझ्या नावावर करायचं, नाहीतर दुकान बंद करून मुग्धाकडे अल रीमला राहायला जायचं. सत्ताविसाव्या मजल्यावर समुद्राकडची एक खोली तिनं माझ्यासाठी रिकामी करून ठेवली आहे. "आई, आता खलास. किती दिवस मुसफ्फाच्या धुळीत बसणार आहेस? एकटी आहेस तू तिथे!" लेकीचं काही चुकत नाही हो. एकटी आहेच मी. पण सत्ताविसाव्या मजल्यावर तरी मी दुकटी कशी होणार, हे तिला कोण सांगणार? ती दोघं ऑफिसात, आर्यन शाळेत, आणि मी काचेतून जहाजं मोजत बसणार.

खरी गोम वेगळीच आहे, ती मी तिलाही सांगितलेली नाही. लायसन माझ्या नावावर करायचं म्हणजे मालक म्हणून लिहिलेलं तुमचं नाव काढायचं. बंद केलं तरी ते जाणारच. आठ महिने मी भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाठ करून मशीनवर बसते आहे.

तर झेंड्याची गोष्ट.

तुमच्या नातवाच्या शाळेत दरवर्षी देशोदेशींचा दिवस असतो ना, ज्याला तुम्ही हौसेनं नवीन शर्ट घालून जायचा? प्रत्येक देशाचं टेबल, टेबलावर त्यांचं खाणं, आणि शेवटी झेंडे घेऊन मुलांची मिरवणूक. आपल्या भारताच्या टेबलाशी तर जत्राच भरते. पण ज्या देशाचं अख्ख्या शाळेत एकच मूल आहे, त्यानं काय करायचं? मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. तुम्हाला पडला होता का?

मार्टा म्हणून एक बाई आहेत, स्लोवेनियाच्या. मुग्धानं त्यांना आपल्याकडे पाठवलं. दारातच त्यांनी भीत भीत विचारलं, स्लोवेनिया माहीत आहे का तुम्हाला? मी म्हटलं, पांढरा, निळा, लाल, आणि वरती ढालीत तीन शिखरांचा डोंगर. अहो, बाईंच्या डोळ्यांत पाणी! त्यांना काय ठाऊक, की मला देश नकाशावर सापडत नाहीत, झेंड्यावरून मात्र सगळे ओळखता येतात. ही तुमची कृपा.

त्यांची मुलगी नीका गेल्या वर्षी दिवसभर एकटी टेबलामागे बसून होती. एवढा केक करून नेलेला, तो तसाच्या तसा घरी परत आला. रात्री झोपताना पोरगी म्हणाली, "पुढच्या वर्षी त्या दिवशी मी आजारी पडेन." ऐकून मला कसंसंच झालं. यंदा मंडळाच्या गणपतीला मीही अशीच आजारी पडले होते. सगळ्या वहिनी आधी माझ्या गळ्याकडे बघणार आणि मग घाईघाईनं मोदकाचं ताट पुढे करणार, ते नको वाटलं.

तर या मार्टाबाईंनी काय केलं, शाळेतली युरोपातली जेवढी घरं होती, अठरा-एकोणीस, तेवढी गोळा केली. म्हणाल्या, आपण सगळे एक टेबल लावू आणि एकाच झेंड्याखाली चालू. ठरलं! सगळे खूश. आणि मग कुणीतरी विचारलं, झेंडा कुठला?

झालं. तीन शनिवार आपल्या दुकानात नुसता गोंधळ. कापड निवडायला म्हणून यायचे आणि कटिंग टेबलाभोवती उभे राहून भांडायचे. माझं इंग्रजी दुकानापुरतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तुम्ही असता तर शटर अर्धं खाली ओढून, चहा मागवून, मजा बघत बसला असता.

मार्टाबाईंना तो निळा झेंडा हवा होता, बारा पिवळ्या ताऱ्यांचा गोल असलेला. त्यांच्यात एक नॉर्वेचे एरिक म्हणून आहेत, आपल्या दारातून वाकून यावं लागतं इतके उंच. ते म्हणाले, "हा युनियनचा झेंडा. आम्ही युनियनमध्ये नाही. मी का उभं राहू त्याखाली?" मार्टाबाई म्हणाल्या, "अहो, हा झेंडा आधी एका मोठ्या परिषदेनं घेतला होता आणि तिच्यात तुमचा नॉर्वे आहे. आणि बारा तारे म्हणजे काही बारा देश नव्हेत. घड्याळात जसे बारा आकडे असतात, तसे ते. पूर्ण." एरिक म्हणाले, "माझ्या घड्याळात नॉर्वे नाही." आता बोला!

मग प्रत्येकानं आपापली अक्कल चालवली. एकानं क्रॉस सुचवला, तर एक तुर्की बाई शांतपणे म्हणाल्या, मग आम्ही कुठं उभं राहायचं? क्रॉस रद्द. दुसऱ्यानं सगळ्या देशांच्या रंगांच्या पट्ट्या कागदावर काढून आणल्या. मला तर ते साडीच्या दुकानातलं शेड कार्ड वाटलं. एकानं पांढऱ्यावर मोठं हिरवं ई अक्षर काढलं. मी तोंडावर काही बोलले नाही, पण ते थेट दोरीवर वाळत घातलेल्या चड्डीसारखं दिसत होतं. कापड कापत असलेले आपले शफीकभाई कात्री घेऊन आत पळाले, हसायला.

तिसऱ्या शनिवारी एरिकनी एकदम माझ्याकडे बोट केलं. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं झेंडे शिवता. तुम्ही कुठला निवडाल?"

आता सगळे माझ्याकडे बघताहेत. आणि मी काय केलं असेल? मान वळवली, तुमच्या खुर्चीकडे. सवयीनं हो! असलं काही कुणी विचारलं की उत्तर तुम्ही द्यायचं, हे आपलं ठरलेलंच होतं. खुर्चीवर कापडाचे तागे रचून ठेवलेले. मी म्हटलं, "मी फक्त शिवते." इतकी लाज वाटली मला. चौतीस वर्षं या माणसाबरोबर राहून मला एक मत नाही?

शेवटी मतदान झालं आणि निळा झेंडा निवडून आला. एरिक म्हणाले, "ठीक आहे. मुलगा चालेल मिरवणुकीत. पण आमच्या घरातलं कुणी हा धरणार नाही."

आणि मी तो शिवला. छापील कुठेही मिळतो, पण त्यांना शिवलेलाच हवा होता, दरवर्षी वापरायला. तारे दोन्ही बाजूंनी लावायचे म्हणजे चोवीस. खडूनं गोल आखला, बारा खुणा केल्या आणि एकेक तारा लावत गेले. एक झाला की कापड थोडं फिरवायचं, पुढचा लावायचा, पुन्हा फिरवायचं. अशोकचक्राच्या आऱ्या शिवताना तुम्ही शिकवलंत, अगदी तस्सं.

तिथंच फसले! आऱ्या मधोमधून बाहेर जातात, त्याला कापड फिरवलंच पाहिजे. पण या झेंड्यावर सगळे तारे ताठ उभे असतात, प्रत्येकाचं डोकं वर. माझे तारे कापडाबरोबर फिरत गेले. वरचा बरोबर, बाजूचे आडवे, आणि खालचा चक्क डोक्यावर उभा. रांगोळीच्या पाकळ्यांसारखी सगळ्यांची टोकं बाहेर! आपल्याच माणसाच्या हातून व्हावी अशी चूक.

तुम्ही म्हणाल, दोरीवर चढवून बघितला नाहीस?

नाही बघितला. कारण तुम्ही गेल्यापासून मी एकही झेंडा चढवून बघितलेला नाही. आता ओरडा.

आठवतं ना सगळं? झेंडा शिवून झाला की शटरवरच्या पाइपला दोरीनं चढवायचा. दोरी तुमच्या हातात, आणि मी गल्लीच्या पार टोकाला, त्या मल्याळी कॅफेटेरियापाशी. तिथून वर बघायचं. तुम्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "कसा दिसतो गंऽऽ?" भर उन्हात मशीनवरचं काम टाकून मला तिथपर्यंत चालत जावं लागायचं, म्हणून मी वैतागायचे. "दिसतो झेंड्यासारखा!" म्हणून ओरडायचे आणि परत फिरायचे. आणि तुम्ही हसायचा. तुमच्या झेंड्यांच्या सोवळ्यापायी मी कमी का सोसलंय? एकदा उरलेल्या हिरव्या तुकड्यानं लादी पुसली, तर दोन दिवस बोलला नव्हतात माझ्याशी.

शफीकभाई पहिल्या महिन्यातच म्हणाले होते, "भाभी, रस्सी मैं पकड़ता हूँ, आप देखिए." मी म्हटलं, काही गरज नाही, इथल्या नॅशनल डेचे झेंडे डोळे मिटून शिवते मी. खरं कारण त्यांना काय सांगू? गल्लीच्या टोकाला जाऊन उभं राहायचं, वर बघायचं, आणि दोरीशी तुम्ही नाहीत. तेवढं बघायची हिंमत नव्हती माझ्यात. म्हणून म्हणते, चूक तुमची. जाताना ही एवढी एक गोष्ट तरी मला सांगून जायची होती, की हे एकटीनं कसं करायचं! मार्चमध्ये सकाळी चहा अर्धा ठेवून गेलात. तुमच्यावर घालायला मी आपल्याच ताग्यातलं पांढरं कापड फाडलं, आणि तेव्हाही मला वाटलं, आता हे ओरडणार, चांगल्या कापडाची कड सरळ फाडली नाहीस म्हणून.

असो. मंगळवारी मार्टाबाई आणि एरिक झेंडा न्यायला आले. बाईंनी टेबलावर पसरला, तारे मोजले, एकावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे तारे..." मी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

एरिक मात्र खो खो हसायला लागले. "हा! हाच! प्रत्येक तारा आपापल्या देशाकडे तोंड करून! हा युनियनचा नाही, आमचा आहे. हा मी धरतो!" मार्टाबाई लाल झाल्या. "झेंडा म्हणजे काय खेळणं आहे, वाटेल तसा बदलायला?" पुन्हा जुंपली. शाळेतून आलेला आर्यन कोपऱ्यात फोनवर खेळत होता, तो मान वर न करता म्हणाला, "आजी, चिल. नोबडी विल नोटिस." घ्या! नातू तुमचाच.

अहो, एरिक तो झेंडा आनंदानं न्यायला तयार होते. तुम्ही असतात तर काय म्हणाला असता? मी या खेपेला खुर्चीकडे नाही बघितलं. म्हटलं, "हा माझ्या हातून चुकलाय. चुकलेला झेंडा या दुकानातून जात नाही. तुम्हाला असाच हवा असेल तर आधी तुम्ही सगळ्यांनी मिळून तसं ठरवा, मग मी असा शिवून देईन. माझी चूक म्हणजे तुमचा निर्णय नव्हे. मला दोन दिवस द्या." एवढं लांब इंग्रजी मी जन्मात बोलले नव्हते. अर्धं हिंदीच होतं.

दुसरा शिवला. तारे एकही न फिरवता, ताठ. गुरुवारी ते दोघं आले तेव्हा शफीकभाईंना म्हटलं, दोन्ही चढवा. आपल्या पाइपला एक, शेजारच्या शटरला एक. आणि पाहुण्यांना म्हटलं, "चला. झेंडा टेबलावर बघत नाहीत."

चालत गेले हो मी. आठ महिन्यांनी. एरिक शेजारी ढांगा टाकत होते, थांबताही येईना. कॅफेटेरियापाशी पोचलो आणि वळलो. संध्याकाळची हवा सुटली होती, दोन्ही झेंडे फडफडत होते. तिकडून शफीकभाई ओरडले, "भाभी, कैसा दिखता है?" मी नुसता हात वर केला.

एरिक डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, "यातला चुकलेला कुठला?"

मार्टाबाईंनी बघितलं. मी बघितलं. अहो, कळतच नव्हतं! निळं कापड आणि पिवळ्या ठिपक्यांचा गोल, बस्स. ताऱ्यांचं डोकं कुठे आणि पाय कुठे, तिथून कुणाला दिसणार? आधी मार्टाबाईंना हसू फुटलं, मग एरिकना. कॅफेटेरियावाला करक चहाचे कप घेऊन बाहेर आला आणि तोही उगाच हसला. एरिक म्हणाले, "आमच्याकडे मी शेजारच्या देशाचा माणूस नुसत्या चालीवरून ओळखतो. इथे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन आम्हाला सगळ्यांना एकाच नावानं हाक मारतो, युरोप." मी म्हटलं, आमचंही तेच. शफीकभाई लखनौचे, मी देवगडची, पण इथं आम्ही दोघं 'हिंदी', खलास. एरिकनी हातातला चहा संपवला. मग म्हणाले, "बरोबर शिवलेला द्या. धरतो मी."

ते गेले. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

तिथून ताऱ्याचं तोंडसुद्धा दिसत नाही, तर इतकी वर्षं मी तिथं उभी राहून काय बघत होते? वाकडा टाका दिसणार नाही, तिरकी कड दिसणार नाही. हा मंगळवारचा झेंडा चढवून बघितला असता तरी चूक सापडली नसती! मग भर उन्हात मला तिथवर का चालवत होतात?

दुकानात येऊन शफीकभाईंना विचारलं. ते दोरी गुंडाळत होते. सहज म्हणाले, "झंडा तो भाई टेबल पे ही देख लेते थे, भाभी. एक-एक टाँका. बोलते थे, बाहर नहीं बुलाऊँगा तो ये दिनभर मशीन से उठेगी नहीं. बुलाता हूँ तो कम-से-कम एक बार सर उठा के मेरी तरफ देख तो लेती है."

लबाड! किती लबाड असावं माणसानं! आणि मला कधी कळलं नाही! शफीकभाईंना ठाऊक आणि मला नाही! मशीनवर डोकं ठेवून एवढी रडले, की ते बिचारे चहा आणायला म्हणून गेले ते तासभर आलेच नाहीत.

आज शाळेत मिरवणूक झाली. पुढे एरिकनी काठी धरली होती, झेंड्याचं एक टोक नीकाच्या हातात, एक त्यांच्या मुलाच्या. केक संपला, मी स्वतः दोन तुकडे खाल्ले. सगळे आपापल्या माणसांत होते. मला तुमची इतकी आठवण आली, की आपल्या टेबलाशी न जाता मी गेटपाशीच उभी राहिले. शेवटी मंडळातल्या पाटीलवहिनी आल्या आणि माझा हात धरून मला आपल्यांत घेऊन गेल्या.

उद्या मुग्धा आली की तिला सरकारी अर्ज भरायला टायपिंग सेंटरला घेऊन जाणार आहे. मालकाच्या जागी माझं नाव लावायला. ती चिडेल. म्हणेल, आई, तू तिथे एकटी पडशील. पडेन. रात्री जेवताना एकटीच असते, सकाळी दोन कप चहा टाकते आणि एक ओतून देते, हे काही लायसननं थांबणार नाही. पण अल रीमच्या त्या काचेतून मला तुमची गल्ली दिसणार नाही हो. तुमचं नाव निघालेलं बघून रडेन, हे आधीच सांगून ठेवते.

आणि शब्द देते. यापुढे एकही झेंडा चढवल्याशिवाय जाणार नाही. ऊन असो, नॅशनल डेची घाई असो, मशीन बंद करून टोकापर्यंत चालत जाईन, मान वर करून बघेन, आणि शफीकभाईंनी विचारलं की वैतागून नाही, नीट उत्तर देईन. तुम्ही इतकी वर्षं विचारत राहिलात आणि मी एकदाही सरळ उत्तर दिलं नाही. आता उशीर झालाय, पण देते.

अहो, छान दिसायचात तुम्ही.

तुमची,
सुलभा